आजचं मनन: अम्माऊसची वाट आणि घर रिकामं करणारी माणसं

वाचन: लूक 24:13-35

प्रियांनो, आधी आपापलं पवित्र शास्त्र उघडा आणि हा उतारा सावकाश वाचा. ओळखीचा आहे म्हणून सोडून देऊ नका.

पुनरुत्थानाचाच दिवस आहे. दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस नावाच्या गावाकडे निघालेत. अंतर साठ स्टेडिया, म्हणजे साधारण अकरा किलोमीटर. वाटेत एक अनोळखी माणूस येऊन मिळतो, काय बोलताय म्हणून विचारतो, आणि ते जागच्या जागी थांबतात. चेहरे उतरलेले. मग क्लयपा सगळी हकिकत सांगतो. त्यात आशेचा विषय निघतो तेव्हा त्याच्या तोंडून भूतकाळ बाहेर पडतो. मी दर वेळी तिथेच अडकतो. त्याच्या लेखी आशेचं प्रकरण मिटलंय. आणि ज्याच्यावर आशा ठेवली होती तो हातभर अंतरावरून चालतोय.

एकटा म्हणजे ज्याच्याजवळ कुणी नाही तो, असं आपण धरून चालतो. इथे दोघं बरोबर आहेत, तिसराही आलाय, गप्पा चालू आहेत, तरी त्यांचं एकटेपण तसूभर कमी झालेलं नाही.

या गावाचं नाव 1949 साली पॅरिसजवळच्या नेयी-प्लेझांस इथल्या एका जुन्या, पडक्या घराला मिळालं. आबे पियेर नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू तेव्हा फ्रान्सच्या संसदेत खासदार होते. ते घर दुरुस्त करून त्यांनी लोकांसाठी उघडलं होतं. त्याच सुमारास त्यांना जॉर्ज नावाच्या माणसाकडे बोलावण्यात आलं. तो खुनाच्या शिक्षेत फ्रेंच गयानाच्या काळ्या पाण्यावर बरीच वर्षं काढून परत आला होता, घरात त्याला जागा उरली नव्हती, आणि त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. आबे पियेर यांनी त्याला पैसे दिले नाहीत, उपदेशही केला नाही. माझ्याकडे तुला द्यायला काही नाही, पण बेघरांसाठी घरं बांधायचं काम माझ्या एकट्याने उरकत नाही, मरण्याआधी जरा हात लावतोस का, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. जॉर्ज राहिला. तो एमाउस चळवळीचा पहिला साथी. एमाउस म्हणजे आपल्या अम्माऊसचाच फ्रेंच उच्चार.

1951 मध्ये खासदारकी गेली, पगार थांबला. मग या घरातल्या माणसांनी पॅरिसमध्ये भंगार गोळा करायला सुरुवात केली. लोकांच्या घरातलं नको असलेलं सामान उचलायचं, निवडायचं, दुरुस्त करायचं, विकायचं, आणि त्यावर सगळ्यांनी जेवायचं. 1954 च्या कडाक्याच्या थंडीत एक बाई रस्त्यावर गोठून मेली, घरातून बाहेर काढल्याचा कागद तिच्या हातात होता. तेव्हा 1 फेब्रुवारीला आबे पियेर यांनी रेडिओवरून मदतीची हाक दिली. त्यानंतर ही चळवळ फ्रान्सभर माहीत झाली, पुढे इतर देशांत गेली. इंग्लंडमधला पहिला समुदाय केंब्रिजजवळ 1991 साली सुरू झाला.

इथे राहणाऱ्याला ‘कंपॅनियन’ म्हणतात. शब्द लॅटिनमधून आलाय, मूळ अर्थ बरोबर भाकर खाणारा. लूकचा उतारा वाचलेल्याला आणखी काही सांगायला नको! कंपॅनियनला खोली, जेवण आणि आठवड्याला थोडे पैसे मिळतात, आणि तो अंगात असेल तितकं काम करतो. श्रद्धेची अट नाही, प्रार्थनेची सक्ती नाही. काही भाविकांना हे खटकतं. मला खटकत नाही. त्या दोघांनीही पाहुण्याला घरात घेताना त्याची ओळख तपासली नव्हती.

मी सध्या इंग्लंडमध्येच असतो आणि अशाच एका समुदायाच्या व्हॅनवर अधूनमधून शनिवारी मदतीला जातो. इथे याला हाऊस क्लिअरन्स म्हणतात. कुणी वारलं किंवा वृद्धाश्रमात गेलं की घर रिकामं करून द्यावं लागतं. घर भाड्याचं असेल तर फारच थोड्या दिवसांत. नातेवाईक लांब असतात, किंवा नसतातच. मग फोन येतो. सामानाचे तीन ढीग करायचे: विकण्याजोगं, पुन्हा वापरात जाणारं, आणि कचरा. सोफ्याला आगीपासून सुरक्षेचं लेबल नसेल तर तो कितीही चांगला असला तरी विकता येत नाही, 1988 चा नियम आहे. जुनी जड लाकडी कपाटं कुणाला नको असतात. पियानो तर फुकटही जात नाही. कप-बशा मात्र जातात.

आमच्या संगणकाच्या धंद्यात जुना सर्व्हर बंद करण्याआधी त्याच्या नोंदी बघतात. गेल्या तीन महिन्यांत त्याच्याशी कुणी बोललंय का? कुणीच नसेल तर निर्धास्तपणे बंद करा. माणसांच्या नोंदी कोण बघतं? 2018 मध्ये ब्रिटनने एकटेपणासाठी चक्क मंत्री नेमला. चांगलं केलं. पण भिंतीपलीकडच्या माणसाची नोंद मंत्री कुठून ठेवणार.

एका घराचं सांगतो. दुसऱ्या मजल्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थांचं घर होतं. स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर, आणि त्यावर वर्षभर फक्त दोनच नोंदी, आठवड्याआड: काळा डबा, हिरवा डबा. कोणता कचरा कधी बाहेर ठेवायचा ते. बाकी एकही नाव नाही, वाढदिवस नाही, कुणाचं येणं नाही. आम्ही खोकी खाली नेत असताना समोरच्या दारातून एक बाई डोकावल्या. सत्तरीच्या असाव्यात. घर बदलतायत का, म्हणून विचारलं. त्यांना जाऊन सहा आठवडे झाले होते. बाई काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, तरीच रेडिओ ऐकू येत नव्हता.

मी सांत्वनाचे शब्द जुळवत होतो. माझ्याबरोबरचा कंपॅनियन, जो स्वतः कितीतरी महिने गाडीत झोपून राहिलेला माणूस, त्याने शब्द जुळवले नाहीत. तो म्हणाला, बाई, आम्हाला माणसं कमी पडतायत, कप गुंडाळायला याल का?

त्या आल्या. जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा मांडीवर घेऊन दोन तास बसल्या. आधी कपांबद्दल बोलल्या, मग रेडिओबद्दल. त्यांना क्रिकेट आवडायचं, विकेट पडली की भिंतीतून ओरडणं ऐकू यायचं, एकदा जिन्यात भेटले तेव्हा टोपी काढून बोलले होते. वीस वर्षांच्या शेजाराची एवढीच शिदोरी. पण त्या दिवशी त्या माणसाबद्दल कुणीतरी दोन तास बोललं. मला तो छोटा अंत्यविधीच वाटला. जाताना बाईंनी विचारलं, तुमचं दुकान कुठल्या दिवशी उघडं असतं, आणि तिथे आणखी कप गुंडाळायचे असतात का.

आता पुन्हा उताऱ्याकडे या, 28 ते 30 या वचनांकडे. गाव आल्यावर येशू पुढे जाणार असं दाखवतो. बोलावल्याशिवाय तो घरात शिरत नाही. ते आग्रह करतात, तो आत येतो, आणि मेजावर बसल्यावर भाकर कोण घेतं? पाहुणा. घर त्यांचं, भाकर त्यांची, पण आशीर्वाद देऊन, मोडून वाढायचं काम पाहुण्याकडे जातं. यजमानांनी ते जाऊ दिलं. वाटेवर त्याने शास्त्राचा सगळा उलगडा केला होता, अंतःकरण तापलं होतं, तरी ओळख पटली नव्हती. ती पटली पाहुण्याने वाढलं तेव्हा.

आपल्याकडे आपण हे उलटं करतो, हे मी जरा ठासून म्हणतो. नाताळ आला की मंडळीतल्या एकट्या माणसांची यादी निघते. तांदूळ, साखर, तेल, एक केक. दारात पिशवी, दारातच प्रार्थना, फोटो, पुढचं घर. देणारे कायम देणारे, घेणारे कायम घेणारे. त्या आजींना आपण कधी म्हणतो का, की आजी, माझ्या मुलीला मराठी वाचता येत नाही, आठवड्यातून एकदा बसवाल का तिला? कापणीच्या सणाला मात्र हे आपोआप घडतं. परसातला एक भोपळा घेऊन आलेली म्हातारी लिलावात बोली चढताना कशी बघत असते ते आठवा. त्या दिवशी ती यादीत नसते. त्या दिवशी तिने आणलेलं दुसऱ्याच्या ताटात जाणार असतं.

एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. जुलै 2024 मध्ये एमाउसच्या संस्थांनी स्वतःच एक अहवाल प्रसिद्ध केला. आबे पियेर यांनी लैंगिक अत्याचार केल्याच्या स्त्रियांच्या साक्षी त्यात होत्या. पुढे आणखी साक्षी आल्या. चर्चमधल्या काही वरिष्ठांना त्यांच्या वागण्याबद्दल 1950 च्या दशकापासून कल्पना होती, हेही उघड झालं. त्यांच्या नावाच्या फाउंडेशनने ते नाव काढून टाकलं. मग जॉर्जची गोष्ट सांगायची की नाही? मी सांगतो, पण यापुढे ही दुसरी गोष्ट जोडल्याशिवाय सांगणार नाही. त्याने केलेलं चांगलं काम त्या स्त्रियांपुढे ढाल म्हणून धरायचं नाही. त्याही एका वाटेवर चालत होत्या, कित्येक वर्षं, आणि ज्यांनी शेजारून चालायचं ते मान वळवून पुढे गेले. व्हॅनवरचा एक साधा नियम आहे: कुलूपबंद कपाट तसंच उचलून न्यायचं नाही, आधी उघडायचं. या संस्थांनी स्वतःच्या घरातलं कपाट उघडलं, आत काय निघेल याचा अंदाज असताना. आपल्या किती मंडळ्यांमध्ये ते अजून भिंतीला टेकून उभं आहे?

आणि लूकने जे लिहिलंय तेही बघा. ओळख पटताच येशू दिसेनासा होतो. त्या मेजावर प्रभूचीही जागा रिकामी झाली आणि तरी भाकर त्यांच्या हातात होती. मग एखाद्या माणसाच्या नावावाचून मेज अडेल असं आपण का समजावं? थोड्या वेळापूर्वी हेच दोघं पाहुण्याला सांगत होते की दिवस कलला, आता पुढे जाऊ नका. तेच आता उठतात आणि अंधारात अकरा किलोमीटर उलटे चालत जातात, जिथे बाकीचे जमलेत तिथे.

प्रार्थना: प्रभू येशू, सोमवारी सकाळी व्हॅन ज्या घरी जाणार आहे त्या घराच्या शेजाऱ्यांना दार उघडायची बुद्धी दे. ज्या स्त्रियांचं कुणी ऐकलं नाही त्यांच्या शेजारून चाल. कप गुंडाळणाऱ्या त्या बाईंचे गुडघे दुखतात, जिना चढताना त्यांना सांभाळ. आणि या आठवड्यात मला कुणाकडे तरी मदत मागायला लाव. आमेन.