सहा मिलिमीटरचा उतार

युद्धकाळातील लँडिंग शिपची प्रतिकृती करताना सर्वांत अवघड काय, असे विचारले तर बहुतेक छंदी माणसे तोफांकडे बोट दाखवतील. १:३५० या प्रमाणात ४० मिलिमीटर बोफोर्स तोफेची नळी जेमतेम सहा-साडेसहा मिलिमीटर लांब भरते. ती चिमट्यात धरून चिकटवताना हात थरथरतो आणि एकदा का ती टेबलाखाली उडाली की संध्याकाळ गेलीच. तरीही माझ्या मते अवघड भाग जहाजावर नसून जहाजाखाली आहे, आणि तो बहुतेक जण करतच नाहीत.

अमेरिकेने १९४२ ते १९४५ या काळात बांधलेल्या एलएसटी, म्हणजे रणगाडे वाहून नेणाऱ्या लँडिंग शिपचे उदाहरण घेऊ. अशी १,०५१ जहाजे बांधली गेली. लांबी ३२८ फूट. किनाऱ्याला लागताना जहाज पुढच्या टोकाशी तीन फुटांच्या आसपास पाण्यात असायचे, तर मागे साडेनऊ फूट. म्हणजे शंभर मीटर लांबीत सुमारे दोन मीटरचा फरक, पन्नासास एक असा उतार. जहाजाचा तळच त्या उताराच्या हिशेबाने घडवलेला होता. खोल समुद्रात जाताना पोटातल्या टाक्यांत पाणी भरून घ्यायचे, म्हणजे जहाज दबून स्थिर चालायचे. किनारा जवळ आला की ते पाणी उपसून हलके व्हायचे, मागचा नांगर दूरवर टाकून ठेवायचा आणि सरळ वाळूवर चढायचे. परत निघताना त्याच नांगराचा पोलादी दोर गुंडाळत स्वतःला मागे ओढून घ्यायचे. पुढचे दोन दरवाजे उघडायचे, रॅम्प पडायचा आणि आतले रणगाडे कोरड्या पायांनी बाहेर. जॉन नीडरमायर या अभियंत्याने १९४१च्या नोव्हेंबरात कागदावर उमटवलेली कल्पना ती एवढीच.

आता हाच उतार प्रतिकृतीत आणू. जहाज साडेअठ्ठावीस सेंटिमीटरचे होते आणि त्याखालच्या किनाऱ्याचा चढ पुरता सहा मिलिमीटरही भरत नाही. तोफेच्या नळीपेक्षाही कमी. तोफेसाठी माणूस चार संध्याकाळी घालवतो आणि उतारासाठी एकही नाही. जहाज चकचकीत लाकडी पाटावर समतल बसवले जाते, दरवाजे बंद करून चिकटवले जातात. ते दिसते छान. पण ज्या एका गोष्टीसाठी हे जहाज जन्माला आले तीच त्यातून गायब असते.

हे सोनाळ्यात बसून लिहिणे काहींना विनोदी वाटेल. सातपुड्याच्या पायथ्याचे, अंबाबरवा अभयारण्याला खेटून असलेले संग्रामपूर तालुक्यातले हे गाव. मुंबईचा समुद्र सरळ रेषेतही साडेचारशे किलोमीटरच्या पुढे. खारेपण म्हणावे तर खाली पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचे, आणि ते भरती-ओहोटीचे नसून विहिरींचे व किडनीच्या रुग्णांचे. इथल्या माणसाला जहाजाशी काय घेणे? इतर जहाजांचे सोडा, लँडिंग शिपशी मात्र घेणे आहे. तिची खरी परीक्षा पाण्याची नसून जमिनीची असते. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या वावराचा उतार पहिल्या मोठ्या पावसात कळतो; धुऱ्याशी पाणी कुठे तुंबते, कुठून फुटते, हे पाहिलेल्या माणसाला पन्नासास एक म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागत नाही.

शिवाय ही जहाजे बांधली कोणी? इलिनॉय राज्यातले सेनेका हे मक्याच्या शेतांनी वेढलेले छोटे गाव. नदीकाठच्या त्या गावात पूल आणि पोलादी टाक्या बांधणाऱ्या एका कंपनीने गोदी उभारली आणि १५७ एलएसटी पाण्यात सोडल्या. इंडियानातल्या इव्हान्सव्हिलमध्ये १६७. समुद्रावरच्या गोद्या मोठ्या युद्धनौकांनी अडलेल्या होत्या, म्हणून काम आतल्या नद्यांवर गेले. तयार जहाजे मिसिसिपीच्या प्रवाहाबरोबर खाली न्यू ऑर्लिन्सला जायची. ज्यांनी पत्रे जोडले त्यांतल्या कित्येकांनी समुद्र पाहिलेला नसणार.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे या जहाजांची प्रतिकृती जहाजाच्या मागून आलेली नाही, आधी आली. बंद पोटात रणगाड्यांची इंजिने सुरू केली तर धुराने माणसे गुदमरतील, ही मोठी चिंता होती. म्हणून केंटकीतल्या फोर्ट नॉक्स या छावणीत, समुद्रापासून शेकडो मैल आत, जहाजाच्या रणगाडा-मजल्याची पूर्ण आकाराची नक्कल उभारली. आत रणगाडे आणून इंजिने चालू केली आणि हवा खेळती ठेवण्याचे गणित सोडवले. आपल्याकडेही असेच एक जहाज होते, पुण्याजवळ. खडकवासल्याच्या तलावाकाठी युद्धकाळात किनाऱ्यावर उतरण्याचे शिक्षण देणारे केंद्र चालत होते आणि उत्तर काठावर एक नकली लँडिंग शिप उभे होते. त्याला रीतसर नाव होते, ‘एचएमएस अंगोस्तुरा’. त्यावर सैनिकांना उतरण्याचा सराव दिला जाई. पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा शोधताना हे जुने केंद्र आणि निकामी झालेले हे खोटे जहाज खडकवासल्याच्या जमेच्या बाजूला धरले गेले. प्रबोधिनीची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी बसली. जहाजाची आठवण मात्र पुण्यातही फारशा कोणाला नाही.

फोर्ट नॉक्सची नक्कल विचारत होती : माणूस आत श्वास घेऊ शकेल का? खडकवासल्याची विचारत होती : ओझे पाठीवर घेऊन उतरताना पाय नीट पडेल का? कपाटातली प्रतिकृती काय विचारते? बहुतेक वेळा काहीच नाही. ती फक्त ‘बघा किती बारीक काम’ म्हणते. माझी तक्रार एवढीच आहे. तिने किनाऱ्याचा प्रश्न विचारला पाहिजे, कारण तो विचारला नाही तर काय होते ते इतिहासात नोंदलेले आहे.

नॉर्मंडीच्या स्वारीआधी, १९४३च्या अखेरच्या रात्री, दोन ब्रिटिश सैनिक पोहत शत्रूच्या किनाऱ्यावर गेले आणि वाळूचे नमुने नळ्यांत भरून आणले. वाळू रणगाड्याचे वजन पेलेल की नाही, एवढ्यासाठी. याउलट सप्टेंबर १९४५मध्ये मलायातल्या मोरीबच्या किनाऱ्यावर भारतीय डिव्हिजन उतरली तेव्हा वरून घट्ट दिसणाऱ्या वाळूखाली चिखल निघाला आणि गाड्या रुतल्या. जपानने आधीच शरणागती पत्करली होती म्हणून निभावले. १९७१च्या डिसेंबरात कॉक्स बझारजवळ आपल्या नौदलाची घडियाल आणि गुलदार ही जहाजे गोरखा जवानांना घेऊन किनाऱ्याकडे निघाली. ब्रह्मदेशाकडे निसटणाऱ्या पाकिस्तानी सैनिकांची वाट अडवायची होती. किनाऱ्याच्या उताराची पुरेशी माहिती हाताशी नव्हती. जहाजे दूरवर वाळूच्या दांड्यावर टेकली आणि दांडा व किनारा यांच्या मधे खोल पाणी निघाले. त्यात उतरताना काही जवानांचा जीव गेला. त्यांच्यावर शत्रूची एक गोळीही झाडली गेली नव्हती. ढाक्याच्या विजयाच्या झगमगाटात ही गोष्ट मागे पडली, ते स्वाभाविकही आहे. पण घडियालची प्रतिकृती करायची आणि तिच्याखाली तो दांडा व तो खळगा करायचा नाही, हे मला पटत नाही.

रंगकामाबद्दलही एक बोलून घेतो. जहाज जुने, लढलेले दिसावे म्हणून पातळ तपकिरी रंगाचे ओघळ सोडण्याची पद्धत आहे. काही जण इतके सोडतात की जहाज तीस वर्षे भंगारात पडल्यासारखे दिसते. युद्धातली बरीच लँडिंग शिप्स दोन-तीन वर्षेच वापरात होती. गंज चढत नव्हता असे नाही. पण तो सर्वत्र सारखा नव्हता. वाळूवर घासणारा पुढचा तळ खरवडून निघायचा, रॅम्पच्या कडा रणगाड्यांच्या पट्ट्यांच्या घर्षणाने उजळायच्या, साखळीचे भोक काळवंडायचे. जहाजाने काय काम केले ते पाहून रंग लावला तर ब्रश आपोआप आवरतो. ओघळ सरसकट लावणाऱ्याला बहुधा युद्धापेक्षा युद्धाचे छायाचित्र जास्त आवडते. (फोटोत ओघळ फार छान येतात, हेही खरे.)

युद्धाची खेळणी करून बसणे बरे का, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण लँडिंग शिपचे पोट उघडे ठेवून पाहिले की तिथे शौर्याला फारशी जागा उरत नाही. साखळ्यांनी बांधलेले ट्रक, पिंपे, उलट्यांनी बेजार माणसे, आणि बारा नॉटच्या आत रखडणारा वेग. खलाशी तिला मोठे, संथ लक्ष्य म्हणून चिडवत. दरवाजे बंद ठेवणारी प्रतिकृती युद्धाचे जेवढे उदात्तीकरण करते, तेवढे उघडी ठेवणारी करूच शकत नाही.

हे सारे आता सुचण्याचे कारण नवे गुलदार आहे. १९७१च्या जहाजाचे नाव घेऊन पोलंडमधल्या गडिन्यात बांधलेले हे जहाज ३० डिसेंबर १९८५ रोजी नौदलात आले, १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला निवृत्त झाले आणि फेब्रुवारी २०२५मध्ये कारवारला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात देण्यात आले. सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात ते बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करायची, अशी योजना आहे. योजना चांगली आहे. माशांना आसरा मिळेल, पर्यटकांना पाहायला मिळेल. मात्र उथळ पुळणीवर पोट टेकवण्यासाठी बांधलेले जहाज लोक खोल पाण्यात बसलेले पाहतील आणि ते कशासाठी होते हे त्यांना कळणार नाही. जे पाण्यात उतरणार नाहीत, आणि असे पुष्कळ असतील, त्यांना तर काहीच नाही.

म्हणून किनाऱ्यावर एक प्रतिकृती हवी, आणि ती १:५०ची हवी. गुलदारची ८४ मीटर लांबी त्या प्रमाणात एक मीटर अडुसष्ट सेंटिमीटर होते. पन्नासास एक असाच उतार धरला तर किनारा सव्वातीन सेंटिमीटरहून थोडा जास्त चढतो, म्हणजे कोणाच्याही डोळ्याला दिसेल इतका. दरवाजे उघडे, रॅम्प खाली, एक बाजू कापून आतला मजला मोकळा. शेजारी कॉक्स बझारच्या किनाऱ्याचा छेद, त्याच प्रमाणात, दांड्यासकट. काचेची पेटी नको. पोरांना वाळूवर बोट फिरवू द्यावे. आणि माहितीफलक मराठीत, तोफांच्या आकड्यांपासून सुरू न होणारा.