उत्तरेची भिंत, दक्षिणेची भिंत

पाठ टेकता येईल अशी जागा बघून बसा. खांदे सैल सोडा. श्वास त्याच्या चालीनं येऊ-जाऊ द्या.

आता मनानं माळव्यात या. पौष महिना आहे. देवासच्या किंवा धारच्या पठारावरचं एखादं गाव घ्या. दुपारी पारा पंचवीस-सव्वीस अंशांवर, अंगात स्वेटर नकोसा होतो. पहाटे तोच पारा दहाच्या आसपास येतो, आणि थंडीची लाट आली की पाचापर्यंत उतरतो. तेव्हा हरभऱ्याला पाला, म्हणजे गोठलेलं दव, मारील या धास्तीनं माणसं रात्री उठून आभाळ बघतात. आभाळ मोकळं असतं, म्हणून जमिनीनं दिवसभर घेतलेली ऊब सरळ वर निघून जाते. एका दिवसात पंधरा-सोळा अंशांचा फरक. त्याच्यावर मन थोडा वेळ ठेवा. भिंतीला जे काही करायचं, ते एवढ्यातच करायचं आहे.

हात पुढे करा आणि जुन्या मातीच्या भिंतीवर तळवा ठेवा. भिंत दीड फूट जाडीची आहे. बोटांना आधी सारवणाच्या कमानी लागतील. कुणाच्या तरी हातानं एका दमात ओढलेल्या, एकीवर एक चढलेल्या. जरा जवळून बघा. मातीत गव्हाच्या भुशाच्या काड्या दिसतात, नखाएवढ्या, अजून पिवळ्या. ही माती भुसा घालून भिजत ठेवली होती, मग पायांनी तुडवली. काड्यांनी तिला धरून ठेवलं आहे, म्हणून ती वाळताना फाटली नाही.

शेतातली काळी माती मात्र भिंतीला चालत नाही. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. वैशाखातल्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो. घराला पांढरी किंवा पिवळी माती, आणि खाली जोत्याला काळा दगड. देशावरून मराठा सरदार पवारांबरोबर इकडे आलेल्या मराठी कुटुंबांना हा दगड आणि ही माती ओळखीचीच होती, कारण दख्खनच्या लाव्हाचे थर थेट माळव्यापर्यंत पसरले आहेत.

आता भिंतीच्या दक्षिण अंगाला या आणि उन्हात उभे राहा. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा सूर्य इथे क्षितिजापासून जेमतेम 44 अंश वर चढतो. ऊन वळचणीखालून आत शिरतं आणि भिंतीवर पसरतं. जूनमध्ये हाच सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं उत्तरेला आहे. तेव्हा दोन फुटांची वळचण ही भिंत सावलीत ठेवते. हिवाळ्यात ऊन आणि उन्हाळ्यात सावली, तीही काही न हलवता.

भिंतीत शिरलेली ऊब कशी चालते ते मनात बघा. ती इंच-इंच सरकते. दीड फूट मातीतून पार व्हायला तिला दहा-बारा तास लागतात. दुपारचं ऊन आत पोचतं तेव्हा रात्र झालेली असते, निखाऱ्यांवर राख चढलेली असते आणि घर गोधडीत शिरलेलं असतं. ही भिंत जड हवी, चांगली कुटलेली हवी. लडाखमध्ये फे गावच्या सेकमोल या शिक्षणसंस्थेच्या आवारातही याच तत्त्वावर, दक्षिणेकडे काच लावून, मातीच्या इमारती उणे तापमानात उबदार ठेवल्या आहेत. माळव्याला काचेची गरज नाही. मोकळं अंगण आणि समोर झाड नसलेली दक्षिण बाजू पुरते.

आता घराला वळसा घालून उत्तरेला या. इथे बराच वेळ थांबायचं आहे.

हिवाळाभर या भिंतीला ऊन शिवत नाही. जी भिंत साठवण्यासाठी बांधली, तिला इथे साठवायला काही मिळत नाही. उलट चुलीची ऊब ती हळूहळू बाहेर घालवते. तरी आपण चारी भिंती एकसारख्या बांधतो. हे मला फार खटकतं. उत्तरेच्या भिंतीनं ऊब अडवायला हवी, आणि अडवण्याचं काम जड माती करत नाही. ते काड्यांमध्ये कोंडलेली हवा करते. म्हणून इथे प्रमाण उलटं करायचं: भुसा पुष्कळ, माती काड्यांना लेप बसेल एवढीच पातळ, आणि ते फळ्यांमध्ये हलक्या हातानं दाबत वर न्यायचं. अशी भिंत छपराचं ओझं पेलत नाही. पण वाड्यांत ते ओझं लाकडी खांब-तुळयांवर असायचंच. धारला आणि देवासच्या थोरल्या-धाकट्या पातीच्या संस्थानांतही खांब-तुळयांची ही पद्धत परकी नव्हती.

भुसा कुठून आणायचा, हे विचारायलाच नको. गहू निघाला की उरलेली नरवाई, म्हणजे गव्हाचे खुंट आणि काड, इकडे शेतातच पेटवतात. धूर गावभर होतो आणि जमिनीतले जीव होरपळतात. त्या जाळात एका घराची उत्तर बाजू सहज जात असेल.

अडचण आहे, तिच्याकडेही डोळे उघडे ठेवून बघा. पाच मीटर बाय पाच मीटरच्या खोलीभोवती नऊ इंचांऐवजी दीड फुटाची भिंत घातली, तर सुमारे पाच चौरस मीटर जागा जास्त लागते. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घर किमान 25 चौरस मीटरचं धरलं आहे. तिथे पाच चौरस मीटर म्हणजे पाचवा हिस्सा. लहान प्लॉट असलेल्या माणसाला जाडीचा उपदेश करू नये. त्यानं निदान दक्षिण जड ठेवावी, उत्तरेला धान्याच्या कोठ्या लावाव्यात आणि कडबा-भुसा त्या बाजूला रचावा. आणि मातीवर सिमेंटचा गिलावा कुणीही करू नये. ओल आत अडकते, माती सुटते आणि गिलावा पापुद्र्यासारखा निघून येतो.

अकराव्या शतकात धारेतून राज्य करणाऱ्या भोजाच्या नावावर ‘समराङ्गणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्रावरचा त्र्याऐंशी अध्यायांचा ग्रंथ आहे. 1924-25 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो छापला गेला. घर कुठल्या दिशेला काय करतं, हा विचार या मातीला नवा नाही.

आता पुन्हा श्वासाकडे या. तुमच्या घराच्या चार भिंती एकेक करून डोळ्यांसमोर आणा. कुठल्या भिंतीवर पौषात ऊन येतं? कुठलीवर कधीच येत नाही? पहाटे कुठली सगळ्यांत गार लागते? उत्तर सुचेपर्यंत बसा. बांधायचं असेल तर गहू निघाल्यावर, चैत्रात सुरू करा. भुसा ताजा असतो, ऊन कडक असतं. एक थर चढवून तो घट्ट झाला की मगच पुढचा घ्या. अशा चालीनं भिंती मृगाच्या आधी वाळतात आणि छप्परही चढतं.