कंपूची वही

अलीगडला महादजी शिंद्यांच्या कंपूचा, म्हणजे कवायती फौजेचा, हिशेब ठेवणारा एक मराठी कारकून होता, आणि रोजमुऱ्याच्या दिवशी त्याच्यापुढे येऊन बसणारा अवधचा एक सुभेदार होता. कागदपत्रांत या दोघांची नावं शोधू नयेत, ते या गोष्टीपुरतेच आहेत. बाकीची माणसं, लढाया आणि तारखा मात्र खऱ्या.

कारकुनाला आपल्या वहीचा अभिमान होता, आणि तो रास्तच होता. पगार थकला म्हणून ऐन मोहिमेत फौजेने सरदाराच्या तंबूपुढे धरणं धरायचं, हा त्या काळातला नित्याचा प्रकार. महादजींनी तो मुळापासून मोडून काढला. पानिपतावर कायमचा अधू झालेला पाय घेऊन परतलेल्या या माणसाने १७८० साली इंग्रजांच्या पॉपमच्या तुकडीने ग्वाल्हेरचा किल्ला एका रात्रीत घेतल्याचंही पाहिलं होतं. नुसत्या घोडदळावर यापुढे भागणार नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. १७८४ साली त्यांनी सव्हॉयच्या द बॉइनला कवायती पलटणी उभ्या करायला नेमलं. पुढे त्याच्या हाती दोआबातला मुलूखच लावून दिला. वसूल तिथला आणि पगारही तिथूनच. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉट तोफा ओतू लागला, बंदुका घडवू लागला. लढाईत जायबंदी झालेल्या शिपायाला नेमणूक मिळे. दारूगोळा, बैल, डगले, सगळ्याला वहीत रकाना होता.

फक्त मराठा सरदारांच्या घरातली पोरं या वहीत नव्हती. रांग धरून पायी चालायचं आणि कुणीतरी ओरडला की वळायचं, यात त्यांना कमीपणा वाटे. ती घोड्यावरच राहिली. पलटणी भरल्या त्या अवध-रोहिलखंडच्या माणसांनी.

१० सप्टेंबर १७९० रोजी मेडत्याला राठोडांचं घोडदळ अंगावर आलं तेव्हा द बॉइनच्या पलटणी चौकोन बांधून उभ्या राहिल्या आणि घोडी त्या चौकोनावर आपटून फुटली. आपला सुभेदार त्यात होता. दोन-तीन वर्षांनी तो कारकुनाकडे आला तो पगारासाठी नव्हे.

“पंडितजी, एक अर्जी लिहून द्या. आमच्या पलटणीत कप्तानाची जागा रिकामी झालीय.”

कारकुनाने वही त्याच्याकडे फिरवली. “सुभेदारजी, तुमच्या वर हा एकच रकाना. त्यातली नावं फ्रान्स, इंग्लंड, हॉलंड अशी कुठून कुठून येतात. हिंदुस्तानातलं एकही नाव मी आजवर लिहिलं नाही.”

“हुकूम सगळे मला पाठ आहेत. चौकोन मी झोपेत बांधीन.”

“बांधाल. पण तो कुठे बांधायचा, हे ठरतं त्या तंबूत तुम्हाला कधी बोलावलंय? नकाशा दाखवलाय?”

सुभेदार गप्प झाला. रसद कुठून येणार, उजवी बाजू कोण झाकणार, वेळ आली तर माघार कुठल्या वाटेने, हे तंबूत ठरे आणि बाहेर फक्त हुकूम येई.

कारकुनाने अर्जी लिहिली नाही. त्याऐवजी वरच्या एका सरदाराला पत्र धाडलं. दर साली दहा-बारा होतकरू पोरं कप्तानांच्या हाताखाली ठेवावीत, त्यांना नकाशे आणि तोफांचा हिशेब शिकवावा. आज वीस वर्षांचा मुलगा घेतला तर पलटण हाती द्यायला तो पस्तिशीचा होईल, म्हणून आजच घ्यावा. उत्तर दोन ओळींचं आलं. जनरल पगार घेतो ना? मग ती काळजी त्याची.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी वानवडीला वारले. आणखी दहा वर्षं जगते तर त्यांनी हेही केलं असतं, असं म्हणायचा मोह आपल्याला होतो. मला त्यात भाबडेपणा दिसतो. ज्याने तोफेच्या ओतकामापासून जायबंदी शिपायापर्यंत सगळं पाहिलं, त्याला हा रकाना दिसला नसेल असं नाही. आयती आणि चांगली माणसं मिळत होती, म्हणून तो मागे राहिला. चांगल्या चाललेल्या कामात असंच होतं.

द बॉइन गेला, जाताना महादजींच्या जागी आलेल्या कोवळ्या दौलतरावांना इंग्रजांशी भांडण न करण्याचा सल्ला देऊन गेला. त्याच्या जागी पेराँ आला. कंपू वाढले, तोफा वाढल्या. १८०३ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला की जे शिंद्यांची चाकरी सोडतील त्यांची सोय कंपनी पाहील. इंग्रज रक्ताचे गेले. ज्यांच्यावर संशय होता त्यांना पेराँने काढलं. मग सप्टेंबरात, अलीगडचा किल्ला पडल्यावर, तो स्वतःच इंग्रजांच्या आश्रयाला गेला. किल्ला पडला तो ४ तारखेला. हल्लेखोरांना दरवाजाची वाट दाखवणारा ल्यूकन काल-परवापर्यंत शिंद्यांच्याच पगारावर होता. कारकुनाने त्याआधी वहीत शेवटची नोंद केली असेल ती अशी: तोफा जागेवर, दारू जागेवर, बैल जागेवर. वरच्या रकान्यात काट मारायला नावं पुरली नाहीत.

१ नोव्हेंबरला लासवाडीला सुभेदार आपल्या पलटणीत होता. पहाटे इंग्रज सेनापती लेकचं घोडदळ आलं, तोफांनी ते मागे फेकलं. इंग्रजांचं पायदळ पोचायला दुपार होणार होती. मधल्या वेळात पलटणींनी जागा बदलली, गावाच्या आडोशाने दोन रांगा धरल्या, तोफा देऊन टाकण्याची बोलणी लावली आणि ती फिसकटली. शिकवलं होतं तेवढं त्या माणसांनी चोख केलं. पायदळ आलं तेव्हा गोलंदाज संगीन छातीत शिरेपर्यंत तोफेपासून हलले नाहीत. सत्तरहून जास्त तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. लेकने वरिष्ठांना कळवलं, की या फौजेला फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री देता आली नसती. सुभेदाराचं काय झालं ते कारकुनाला कळलं नाही.

३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. त्यात एक कलम असं होतं की इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कुठल्याही देशाचा माणूस, विशेषतः फ्रेंच, शिंद्यांनी चाकरीत ठेवू नये. आपल्या सुभेदारांना कप्तान करू नये, असं कलम तहात नव्हतं. ते घालावं असं इंग्रजांना वाटलं नाही, आणि त्याची आठवण शिंद्यांच्या वकिलांनाही झाली नाही.