उल्लेखाचे ऋण

२०२४ सालच्या डिसेंबरअखेर बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात एक विचित्र व्याधी उद्भवली. बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतील माणसांच्या डोक्याला आधी खाज सुटे, मग केस हातात येऊ लागत आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. बायका, पुरुष, शाळकरी मुले, कोणीच सुटले नाही. पाहता पाहता अठरा गावांतील पावणेतीनशेहून अधिक लोकांना ही बाधा झाली. प्रथम पाण्यावर संशय घेतला गेला. मग दिल्ली-चेन्नईहून तज्ज्ञांची पथके आली. त्यांनी पाणी, माती, धान्य, केस, रक्त यांचे नमुने गोळा केले. लोकांनी ते विनातक्रार दिले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांतील काहींची नखेही गळू लागली, तेव्हाही गावकरी आपल्याला झाले तरी काय, याच्या उत्तराची वाटच पाहत होते.

मधल्या काळात महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तेथे जाऊन आले. विंचूदंशावरील त्यांचे लेखन १९८२ पासून ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध होत आले आहे. मूळचे ते बुलढाण्याला लागूनच असलेल्या जालना जिल्ह्यातले. शिधावाटपातील गव्हात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण फार वाढलेले असून केस गळण्याचे कारण तेच असावे, असा निष्कर्ष त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडला. त्या निष्कर्षाची पारख शास्त्रज्ञ करतील. आम्हांला या प्रसंगातून पडतो तो प्रश्न वेगळा आहे. ज्यांच्या देहातून ज्ञान काढले जाते, त्यांचे त्या ज्ञानावर काही देणे लागते काय? आणि लागत असेल, तर ते संशोधकाच्या कोणत्या खात्यात मांडायचे?

संशोधकांच्या जगात एक खाते मोठ्या काटेकोरपणे ठेवले जाते. शोधनिबंध लिहिणारा ज्या पूर्वीच्या निबंधांचा आधार घेतो, त्यांचा तो नावानिशी उल्लेख करतो. मुळात ही ऋण मान्य करण्याची सभ्य रीत होय. फिलाडेल्फियाच्या युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये अशा उल्लेखांची सूची छापली, तेव्हा एका विषयावरील निबंध एकमेकांशी कसे जोडलेले आहेत हे शोधता यावे, एवढाच त्यांचा प्रमुख हेतू होता. पुढे ही सूची तराजू बनली. हॉर्हे हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने २००५ मध्ये एक सोपा निर्देशांक सुचविला. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेख झाला आहे, त्याचा निर्देशांक वीस. आता नेमणूक, बढती, अनुदान या सर्वांच्या वेळी हा आकडा पाहिला जातो. प्रतिकारशक्तिशास्त्र व कर्करोग ही क्षेत्रे तर या हिशेबात विशेष श्रीमंत. कारण तेथे काम करणारे अनेक, म्हणून एकमेकांचा उल्लेख करणारेही अनेक. गणिती मनुष्य याच तराजूत उगाचच हलका ठरतो.

या तराजूत काय मावत नाही, हेही पाहावे. टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला ‘शांती आवेदना’ हे देशातील पहिले अंतसेवागृह उभारले. ज्यांच्यावरील उपचार संपले आहेत अशा कर्करुग्णांची वेदना हलकी करणे आणि त्यांना सन्मानाने जाऊ देणे, एवढेच तेथले कार्य. तेथील धर्मभगिनींनी रात्र-रात्र जागून ज्या जखमा धुतल्या, त्यांचा निर्देशांक कोणी काढलेला नाही. पण हा मुद्दा आम्ही लांबवत नाही. सेवा आणि संशोधन यांची तुलना करून संशोधनाला खाली पाहायला लावणे सोपे असते आणि अन्यायाचेही. वेदना शमविणारे औषधही कोणाच्या तरी संशोधनातूनच आलेले असते. आमची शंका संशोधनाच्या स्वतःच्याच हिशेबाविषयी आहे. तो हिशेब ऋणाच्या नावाने सुरू झाला आणि त्यात सर्वांत मोठे ऋणच नोंदवायचे राहिले.

हे ऋण कसे दिसेनासे होते, ते एका स्त्रीच्या कथेवरून कळते. १९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाची एकतीस वर्षांची, पाच मुलांची कृष्णवर्णीय आई गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मरण पावली. तिच्या गाठीतील पेशी, तिला न विचारता, जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत वाढविल्या गेल्या. मानवी पेशी प्रयोगशाळेत अखंड वाढत राहण्याचा तो पहिलाच योग. ‘हेला’ या नावाने त्या जगभर गेल्या. याच गे यांच्या प्रयोगशाळेत आपल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकल्या आणि परतल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली तशी प्रयोगशाळा उभी केली. पुढे १९८० च्या दशकात हॅराल्ड त्सूर हाउसेन यांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणू सापडले; त्यांतला एक हेला पेशींतही होता. या शोधासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यावरून विषाणूची चाचणी आली, लस आली. २०२२ मध्ये पुण्यात तयार झालेली लसही आली. हजारो निबंधांत ‘हेला’ हा शब्द आहे, आणि कित्येक वर्षे त्या दोन अक्षरांमागील बाईचे नाव मात्र लोकांना चुकीचे सांगितले जात होते.

तेव्हा उपाय काय? निबंधाच्या तळाशी रुग्णांची नावे छापावीत? तसे कोणी म्हणणार नाही. रुग्णाचे नाव गुप्त ठेवणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य. शेगावच्या ज्या मुलीचे लग्न ठरायचे आहे, तिचे नाव परदेशी नियतकालिकात झळकावे असे कोणाला वाटेल? म्हणजे रुग्णाचे ऋण उल्लेखाने फिटण्यासारखे नाही. संशोधक संशोधकाला ज्या नाण्यात फेड करतो, ते नाणे येथे चालत नाही.

मग कोणते चालते, याचा विचार आपल्याच राज्यातील एका मोठ्या कामाच्या आधारे करता येतो. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक चाचणी झाली. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती मिळून केली. बावन्न ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट केले गेले. एका गटाची विषाणूसाठी चाचणी, दुसऱ्याची पेशीतपासणी, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांची कोणतीच तपासणी करण्यात आली नाही. जिल्ह्यात एरवी जी काय सोय होती, तीच त्यांची सोय. आठ वर्षांनंतर मृत्यू मोजले गेले. विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, चौथ्या गटात ६४. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाल्याचे दिसले नाही. डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. त्याचा उल्लेख आजवर हजाराहून अधिक वेळा झाला आहे.

चौथ्या गटावरून पुढे मोठा वाद झाला. तपासणीने मृत्यू टळतात हे ठाऊक असताना एवढ्या स्त्रियांना तपासणीविना का ठेवले, असे आक्षेपकांनी विचारले. त्या जिल्ह्यात कोणालाच तपासणी मिळत नव्हती, तेव्हा आम्ही कोणाचे काही काढून घेतले नाही, असे उत्तर आले. आमच्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण ते समान नाही. तुलना नसती तर कोणती पद्धत खरोखर प्राण वाचविते हे कळलेच नसते, आणि बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव हिंडून जे श्रम केले त्यांना नाव ठेवण्याचा अधिकार शहरात बसलेल्या आम्हांला नाही. तरीसुद्धा ‘काढून घेतले नाही’ एवढ्याने हिशेब मिटत नाही. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांटने १७८५ मध्ये लिहिले. त्यातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा. आपण सारेच एकमेकांची साधने असतो. शिक्षक विद्यार्थ्याचे, शेतकरी खाणाऱ्याचे. ज्याच्यामार्फत काम साधले, त्याच्याकडे काम झाल्यावर वळून पाहिले, तर तो केवळ साधन राहत नाही. वैद्यकीय संशोधनाच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात २००० साली हेच कलम घातले गेले होते. अभ्यासातून जी सर्वोत्तम पद्धत सिद्ध होईल, ती त्या अभ्यासातील प्रत्येक रुग्णाला मिळण्याची हमी असली पाहिजे, असे ते कलम सांगत होते.

तशी फेड झाली काय? जगाने तो निबंध वाचला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शिकेत, शक्य असेल तेथे विषाणूचाचणीलाच पसंती दिली. आपल्या सरकारने मात्र २०१६ मध्ये देशभरासाठी जी योजना आखली, तीत आम्ल लावून पाहण्याची पद्धत निवडली. कारणे नव्हती असे नाही. विषाणूचाचणी महाग, तिला प्रयोगशाळा लागते. शिवाय मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दुसऱ्या मोठ्या चाचणीत आम्लाच्या पद्धतीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटलेले दिसले होते. गरीब देशाने स्वस्त मार्ग धरला, हे समजण्यासारखे आहे. पण तोही मार्ग घरोघर पोहोचला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या दर शंभर भारतीय स्त्रियांत जेमतेम दोघींनी अशी तपासणी कधी तरी करून घेतल्याचे आढळले. मलकापूर-खामगाव-शेगावहून रेल्वेने मुंबईला, परळच्या रुग्णालयात जाणाऱ्या बायका अजूनही बऱ्याचदा उशिरा जातात.

याचा दोष एकट्या संशोधकावर टाकणे योग्य नाही. योजना सरकार आखते, पैसा सरकार देते. पण संशोधकाच्या हाती दोन गोष्टी निश्चित असतात. निघालेले उत्तर ज्यांच्याकडून नमुने घेतले त्यांना सांगणे, ही एक. ते उत्तर अमलात यावे म्हणून राज्यकर्त्यांचा पिच्छा पुरविणे, ही दुसरी. दोन्हींना वेळ लागतो आणि दोन्हींनी निर्देशांक वाढत नाही. तरुण संशोधकाला पुढचा निबंध लिहायचा असतो. तो गावी परतला तर बढतीत मागे पडतो. तेव्हा त्याच्या वृत्तीला दोष देण्याआधी त्याला मोजणाऱ्या समित्यांकडे पाहिले पाहिजे. किती निबंध, किती उल्लेख, हे रकाने तेथे असतात. ‘ज्यांच्यावर अभ्यास केला त्यांना निष्कर्ष कळविला काय? कोणत्या भाषेत?’ असा रकाना घालायला कोणता कायदा आडवा येतो?

डॉ. बावस्कर यांचे विंचूदंशावरील काम या दृष्टीने बोलके आहे. कोकणात दंश झालेले रुग्ण ज्या खाटेवर दगावत होते, त्याच खाटेशी बसून त्यांनी लक्षणे टिपली, प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध देऊन पाहिले, १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. आणि पुढचा रुग्ण त्याच तालुक्यातून, त्याच खाटेवर आला तेव्हा त्याला ते औषध मिळाले. मोठ्या संस्थांना असे जमणे कठीण. त्यांची प्रयोगशाळा एका शहरात, नियतकालिक दुसऱ्या देशात आणि रुग्ण तिसऱ्याच गावी असतो. मात्र एक पानभर साधे मराठी लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला त्यांना फारसा खर्च येणार नाही. काय सापडले, काय सापडले नाही, गहू खावा की टाकावा, केस परत येतील की नाही. नमुने नेताना गावाचा रस्ता त्यांना सापडलेलाच असतो.