अन्य भाषांचा प्रश्न : बेथेल ते केडगाव

जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे राजूर हे गाव राजुरेश्वर गणपतीच्या देवस्थानासाठी सर्वांना ठाऊक आहे; मात्र याच जालना परिसराला आणखी एक, तुलनेने विस्मरणात गेलेला धार्मिक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मुलूख निजामाच्या राज्यात असताना नारायण शेषाद्री या मराठी ब्राह्मण कुळातल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले, आणि त्या गावाबरोबर स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळींचे, म्हणजे निवडलेल्या वडीलजनांच्या सभेकडून कारभार चालणाऱ्या मंडळींचे, धर्मविचारही या काळ्या मातीत आले. त्या विचारांत असे एक मत होते की, पहिल्या शतकातल्या ख्रिस्तशिष्यांना मिळालेली असाधारण कृपादाने त्यांच्या पिढीबरोबरच संपली. त्या दानांपैकी ज्यावर जगभर सर्वाधिक वाद झाला आणि अजूनही होतो, ते दान म्हणजे ‘अन्य भाषा बोलणे’, अर्थात प्रार्थनेच्या भरात माणसाच्या तोंडून त्याने कधीही न शिकलेली, बहुधा ऐकणाऱ्यालाही न कळणारी वाणी बाहेर पडणे.

या वादाचे बीज नव्या कराराच्या दोन ठिकाणांत आहे आणि ती दोन ठिकाणे एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात पेंटेकॉस्टच्या, म्हणजे वल्हांडणानंतरच्या पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, यरुशलेमेत जमलेल्या परदेशी यहुद्यांना गालीली शिष्यांचे बोलणे आपापल्या जन्मभाषेत ऐकू येते. तिथे चमत्कार आहे तो कळण्याचा. याउलट पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अन्य भाषा बोलणारा देवाशी बोलतो, माणसांना ते कळत नाही आणि म्हणून सभेत त्याचा अर्थ सांगणारा कोणी नसेल तर त्याने गप्प बसावे, अशी व्यवस्था सांगितली आहे. एका ठिकाणी जी वाणी परक्याला जवळ आणते, तीच दुसऱ्या ठिकाणी जवळच्यालाही परकी होते. दान चालू आहे की थांबले हा प्रश्न पुढच्या अठरा शतकांत वारंवार विचारला गेला, तेव्हा ते दान मुळात कशासाठी होते याचे उत्तर प्रत्येक पक्षाने आधीच मनाशी ठरवलेले होते, आणि त्या उत्तरातूनच त्याचा निष्कर्ष निघत गेला.

चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्टोम हा प्रख्यात प्रवचनकार करिंथकरांच्या पत्रावर बोलताना हा भाग दुर्बोध असल्याचे मान्य करतो, कारण ज्या गोष्टींचे तिथे वर्णन आहे त्या त्याच्या काळात घडत नव्हत्या. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीनने ते चिन्ह त्या काळापुरते होते असे सांगून, आता आत्म्याची ओळख बंधुप्रेमावरून करावी असे शिकवले. पण त्याच ऑगस्टीनने आयुष्याच्या उत्तरकाळात आपल्या भागात घडलेल्या रोगनिवारणाच्या घटना आवर्जून नोंदवल्या, आणि ही नोंद लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण दानांच्या समाप्तीचा सिद्धान्त प्राचीन आचार्यांनी नंतरच्या लोकांइतका घट्ट बांधलेला नव्हता. तो बांधला गेला तो धर्मसुधारणेच्या काळात. रोमन कॅथलिक पक्ष संतांचे चमत्कार पुढे करून आपली सत्यता सांगत होता, तेव्हा प्रॉटेस्टंटांनी उत्तर दिले की, चमत्कार हे प्रेषितांच्या संदेशावरचे शिक्के होते. संदेश लिखित झाल्यावर शिक्क्यांची गरज उरली नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या धर्मपंडितांनी १६४६ मध्ये सिद्ध केलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राच्या पहिल्याच कलमात, देवाने आपली इच्छा प्रकट करण्याच्या पूर्वीच्या रीती आता थांबल्या आहेत, असे विधान आले. अमेरिकेतील प्रिन्स्टनचे धर्मशास्त्रज्ञ बेंजामिन वॉरफिल्ड यांनी १९१८ मध्ये याच मताची सर्वांत तर्कशुद्ध मांडणी केली, आणि या मताचे अनुयायी आजही प्रामुख्याने त्यांच्याच युक्तिवादावर उभे असतात.

जालन्याचा संबंध इथे येतो. नारायण शेषाद्री मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. याच वर्षी स्कॉटलंडची राष्ट्रीय मंडळी फुटून फ्री चर्च निर्माण झाले आणि मुंबईतल्या मिशनऱ्यांनी त्याची बाजू घेतली. मिशनऱ्यांकडे राहून आलेला नारायण यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला जातीत परत घेण्यावरून त्या काळी महाराष्ट्रात केवढे वादळ उठले आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाची बाजू घेऊन किती रोष पत्करला, हे मराठी वाचकाला परिचित आहे. फ्री चर्चची शिकवण वेस्टमिन्स्टरच्या त्याच विश्वासपत्रावर आधारलेली होती. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले होते, त्या समाजातल्या माणसांना बेथेलमध्ये ग्रंथ वाचायला शिकवले गेले, आणि ज्याच्या हातात पहिल्यांदाच पुस्तक आले त्याला देव आता पुस्तकातून बोलतो ही शिकवण रूक्ष वाटली नसणार. दाने थांबली या मताकडे पाहताना त्याचे हे मुक्तिदायी अंग विसरले जाऊ नये.

तरीही वाणीचा प्रवाह अधूनमधून वर येत राहिला. लंडनमध्ये १८३१ साली एडवर्ड अर्विंग या स्कॉटिश धर्मोपदेशकाच्या मंडळीत अन्य भाषा ऐकू आल्या. भारतात १८६०-६१ मध्ये तिरुनेलवेली भागात जॉन ख्रिश्चन अरुलप्पन यांच्या तमिळ मंडळींत तसेच घडल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे अमेरिकेतील पेंटेकॉस्टल चळवळीच्या चाळीसहून अधिक वर्षे आधी. या चळवळीचा इतिहास लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवर, १९०६ च्या एप्रिलमध्ये, विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या सभांपासून सुरू करण्याची प्रथा आहे. परंतु महाराष्ट्राच्या नकाशावर बोट ठेवले की ही प्रथा अपुरी ठरते.

पंडिता रमाबाई यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापले, पुढे ते पुण्याला हलवले आणि शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत अनाथ व विधवा झालेल्या मुली गोळा करून पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती मिशन उभे केले. त्यांच्या सहकारी मिनी एब्रम्स या अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी होत्या. वेल्समध्ये १९०४ मध्ये झालेल्या संजीवनाची, म्हणजे मरगळलेल्या मंडळींत श्रद्धा नव्याने जागी होण्याची, वार्ता ऐकून रमाबाईंनी १९०५ च्या आरंभी रोज प्रार्थनेसाठी स्वेच्छेने जमण्याचे आवाहन केले. प्रथम सत्तर जणी आल्या आणि जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. जूनच्या अखेरीस, एब्रम्स यांच्या वृत्तान्तानुसार, पहाटे साडेतीनच्या सुमारास वसतिगृहातली एक मुलगी आपल्या अंगात आग उतरल्याच्या अनुभवाने जागी झाली. शेजारच्या मुलीला तिच्याभोवती ज्वाळा दिसल्या आणि ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, पण ओतण्यापूर्वीच तिच्या ध्यानात आले की कपड्यांना आग लागलेली नाही. दुष्काळातून आलेल्या मुलीला आगीचे भय खरे होते आणि पाणी मौल्यवान होते. अशा मुलीने हातची बादली थांबवून पाहिले, हा तपशील या सगळ्या वृत्तान्तात सर्वांत विश्वसनीय वाटतो. त्यानंतर रडणे, पापांची जाहीर कबुली, तासन्‌तास एकाच वेळी मोठ्याने चालणारी प्रार्थना यांनी केडगाव दुमदुमले.

अन्य भाषा मात्र पुढच्या वर्षी आल्या, आणि त्या प्रथम ज्या ठिकाणांहून कळल्या त्यांत मनमाडचे नाव आहे. नुकत्याच झालेल्या लोहमार्गाने मनमाड औरंगाबाद व जालन्याशी जोडले गेले होते. तिथल्या मुलींच्या ख्रिस्ती संस्थेत १९०६ मध्ये असे बोलणे ऐकू आले, तेव्हा ती वाणी ओळखू शकेल असा माणूस शोधण्याची खटपट झाली, म्हणजे तिथल्या जबाबदार मंडळींनी भक्तीपुढे मान झुकवतानाही चौकशी सोडली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत केडगावातही हा अनुभव पसरला. जवळच दौंड येथे मुलांचे अनाथालय चालवणारे अल्बर्ट नॉर्टन तिथे गेले असता, वीसेक मुली प्रार्थना करत असलेल्या खोलीत डोळे मिटून गुडघे टेकल्यावर, इंग्रजी न जाणणारी एक मुलगी आपल्याजवळ स्पष्ट इंग्रजीत प्रार्थना करताना त्यांनी ऐकल्याचे त्यांनी लिहून ठेवले. एब्रम्स यांनी आपल्या छोट्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत अन्य भाषांचा उल्लेख घातला, आणि तेच पुस्तक त्यांनी चिलीतील वाल्पाराइसो येथे राहणाऱ्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवले. तिचे पती विलिस हूवर यांच्या मंडळीत १९०९ मध्ये झालेल्या संजीवनातून दक्षिण अमेरिकेतील एक मोठी पेंटेकॉस्टल शाखा निघाली. केडगावच्या अनाथ मुलींचा अनुभव अझूसा स्ट्रीटला वळसा घालून जगाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचला, ही गोष्ट मराठी इतिहासात अद्याप योग्य जागी बसलेली नाही.

आता या दानाचे प्रयोजन काय, या प्रश्नाला खरी धार आली. आरंभीच्या अमेरिकन पेंटेकॉस्टल लोकांचा समज होता की, परदेशी जाणाऱ्या मिशनऱ्याला तिथली भाषा न शिकता बोलता यावी म्हणून हे दान परत दिले आहे. आल्फ्रेड गार आणि त्यांची पत्नी याच भरवशावर अझूसा स्ट्रीटहून निघून १९०७ च्या सुमारास कोलकात्यात आले. बंगाली काही त्यांच्या तोंडून बाहेर पडली नाही. गार यांनी श्रद्धा सोडली नाही, समज बदलला: अन्य भाषा ही देवाशी बोलण्याची, स्तुतीची भाषा आहे, उपदेशाची नव्हे. मात्र पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा, म्हणजे तारणानंतर मिळणारे आत्म्याचे भरलेपण, झाल्याचा प्रत्येकाला लागू असणारा पहिला पुरावा अन्य भाषाच, या मतावर ते ठाम राहिले, आणि अमेरिकेत १९१४ साली स्थापन झालेल्या असेंब्लीज ऑफ गॉड या संघटनेने दोन वर्षांनी तेच मत आपल्या मूलतत्त्वांत घातले.

रमाबाईंनी हे मत स्वीकारले नाही. आपल्या ‘मुक्ती प्रेअर बेल’ या पत्रिकेत १९०७ मध्ये त्यांनी या प्रश्नावर लिहिले, तेव्हा एका बाजूला हे सारे वेडाचे झटके म्हणणारे टीकाकार होते आणि दुसऱ्या बाजूला अन्य भाषा बोलल्याशिवाय आत्मा मिळालाच नाही म्हणणारे उत्साही होते. त्यांची भूमिका अशी की, हे दान खरे आहे, ते थांबवण्याचा अधिकार कोणाला नाही. पण ते सर्वांना मिळालेच पाहिजे असे नाही, आणि आत्म्याचे काम जीवनातल्या प्रेमावरून व पवित्रतेवरून ओळखावे. मुलींच्या मोठ्याने चाललेल्या प्रार्थनेला विलायती शिस्तीचा लगाम घालण्यास त्यांनी नकार दिला. कोलकात्याच्या पंडितांनी ज्यांना १८७८ मध्ये ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, त्या स्त्रीने निरक्षर मुलीच्या अर्थहीन भासणाऱ्या शब्दांपुढे आपली विद्वत्ता बाजूला ठेवावी, यात दुर्बलता पाहणाऱ्यांना रमाबाई समजल्याच नाहीत.

टीकाकारांच्या संशयामागे एक स्थानिक कारणही असणे शक्य आहे. मराठी गावाला ‘अंगात येणे’ माहीत आहे. देवी अंगात आलेली बाई घुमते, लोक तिला प्रश्न विचारतात आणि ती त्यांना कळेल अशा बोलीत कौल देते. वरवर पाहणाऱ्याला केडगावचा प्रकार तसाच वाटला असेल. फरक मात्र मूळ गाभ्यात आहे: केडगावात कोणी कौल मागत नव्हते, आणि मुलीचे बोलणे जमलेल्यांना उद्देशून नसून देवाला उद्देशून होते. पौलाने करिंथकरांना सांगितलेला भेद नेमका हाच होता.

पुढच्या काळात शास्त्रीय अभ्यासाने या वादात वेगळी सामग्री आणली. भाषाशास्त्रज्ञ विल्यम समारिन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की, ध्वनिमुद्रित अन्य भाषांत बोलणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेतलेच ध्वनी नव्या क्रमाने येतात. त्यांत लय असते, पण शब्द आणि अर्थ यांची भाषेला आवश्यक असणारी रचना आढळत नाही. दाने थांबली मानणाऱ्यांनी हा निर्णायक पुरावा मानला. तो नॉर्टन यांच्यासारख्या साक्षींना, म्हणजे परकी मानवी भाषा ऐकल्याच्या दाव्यांना, निश्चितच अडचणीत टाकतो. पण जो माणूस ही वाणी भाषा नसून प्रार्थना आहे असे म्हणतो, त्याला तो स्पर्श करत नाही, कारण हुंदक्यालाही व्याकरण नसते. दरम्यान १९६७ पासून कॅथलिक मंडळींतही करिश्माई, म्हणजे कृपादानांवर भर देणारी, चळवळ सुरू झाली आणि काही वर्षांत ती मुंबईत पोहोचली. चमत्कारांवरून कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात चाललेल्या जुन्या भांडणातून जो सिद्धान्त जन्मला, त्याच्या दोन्ही बाजूंना आता दोन्ही पंथांची माणसे उभी आहेत. पौलाने करिंथकरांच्या त्याच पत्रातल्या प्रीतीच्या अध्यायात भाषा बंद पडतील असे म्हटले आहे हे सर्वांना मान्य आहे. ‘पूर्ण’ ते येईल तेव्हा, या शब्दांचा अर्थ बायबल पूर्ण होणे की ख्रिस्ताचे पुनरागमन, यावर मात्र एकमत नाही, आणि त्या अध्यायाचा एकूण सूर समोरासमोरच्या भेटीचा असल्याने दुसरा अर्थच अधिक सरळ वाटतो.

रमाबाईंच्या आयुष्याची शेवटची वर्षे मात्र दुसऱ्याच एका भाषेच्या कामी लागली. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या शिष्यांनी पूर्वी गोदावरीच्या खोऱ्यात धर्म संस्कृतात न कोंडता म्हाताऱ्या बायकांना कळेल अशा मराठीत ठेवण्याचा आग्रह धरला होता. रमाबाईंनाही प्रचलित मराठी बायबलातले संस्कृतप्रचुर शब्द आपल्या मुलींच्या डोक्यावरून जातात हे दिसत होते. म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत उतरवायला घेतले. खिळे जुळवणे आणि छापणे ही कामे केडगावच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रिया करत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. ज्या आवारात कोणालाही न कळणारी प्रार्थना त्यांनी थांबवली नाही, त्याच आवारात त्यांनी एकेक शब्द घासून तो चुलीजवळच्या बाईला कळेल असा केला, आणि करिंथच्या सभेने अर्थ सांगणाऱ्यासाठी रिकामी ठेवायची ती जागा त्यांनी स्वतः घेतली.