आर्टेमिस, पालघट आणि वाघोबा

झ्यूस आणि लेटो यांची मुलगी, अपोलोची जुळी बहीण आर्टेमिस ही प्राचीन ग्रीकांची शिकारीची देवता. धनुष्य, भाता, हरिणी आणि शिकारी कुत्रे ही तिची चिन्हे. चंद्रकोर तिच्याशी नंतरच्या काळात जोडली गेली. होमरच्या ‘इलियड’मध्ये तिला श्वापदांची स्वामिनी म्हटले आहे. रानातल्या पिलांना ती जपते आणि शिकारही करते. स्वतः कुमारिका राहते, तरी बाळंतपणात अडलेल्या बायका तिचाच धावा करतात. जन्म आणि मृत्यू जिथे माणसाच्या हाती राहत नाहीत, तो सगळा प्रदेश तिचा, असे मानले की यात विसंगती उरत नाही.

त्या प्रदेशाची वेस तिच्या कथांमध्ये फार कडक आहे. तिला स्नान करताना पाहणाऱ्या अ‍ॅक्टिऑनचे हरिण होते आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडून टाकतात. कॅलिडॉनचा राजा सुगीचा नैवेद्य देताना तिला विसरतो, तेव्हा त्याची शेते उद्ध्वस्त करायला ती रानडुक्कर पाठवते. तिच्या परिवारातली कॅलिस्टो झ्यूसपासून गरोदर राहते; तिला हाकलले जाते, ती अस्वल होते, आणि पुढे तिचाच मुलगा नकळत तिच्यावर शस्त्र उगारतो. अथेन्सच्या मुलखातल्या ब्राउरॉनला लहान मुली लग्नाच्या वयाआधी ‘अस्वले’ होऊन या देवीची सेवा करीत. अंगातले रान तिथे उतरवून मग संसाराला लागायचे, असा त्या विधीचा अर्थ लावला जातो.

इकडे महाराष्ट्रातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या वारली आदिवासींच्या पाड्यांवरही तीरकामठा होता, शिकार होती. पण वारल्यांच्या लग्नाच्या भिंतीवर जी देवी येते ती शिकारीण नाही. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. त्याच्या मधोमध पालघट देवी असते आणि भोवती झाडे, पाखरे, जनावरे, रानात वावरणारी माणसे. घोड्यावरच्या पंचशिऱ्या देवाचा लहान देवचौक वेगळा. लग्न लावते ती गाणी म्हणणारी धवलेरी. पालघट ही झाडाझुडपांची, सुफलतेची देवी; ती चौकात आल्याशिवाय लग्न लागत नाही. ब्राउरॉनमध्ये रान मागे टाकून मुलगी लग्नाकडे जाते. इथे रान घराच्या भिंतीवर आल्यावरच लग्नाला सुरुवात होते. पालघटीला ‘वारल्यांची आर्टेमिस’ म्हणणे म्हणूनच चूक ठरेल.

तुलनेला खरा आधार वाघरूपी देव वाघोबाच्या कथेत सापडतो. या पट्ट्यात सांगितल्या जाणाऱ्या एका कथेप्रमाणे लग्नाआधी गरोदर राहिलेल्या बाईला मुलगा होतो आणि तो वाघाचे रूप घेऊ लागतो. गावाची गुरे मरतात, लोक चिडतात. तेव्हा आईच मध्ये पडते. मुलाने रानात राहावे आणि गावाने वर्षातून एकदा त्याचा वाटा द्यावा, असे ती ठरवून देते. वाघबारशीची पूजा तीच. कॅलिस्टोच्या कथेत आणि या कथेत सामग्री जवळजवळ एकच आहे: लग्नाबाहेरचे गरोदरपण, श्वापद झालेला जीव, आई आणि मुलगा. ग्रीक कथेत देवीचा कोप आईला श्वापद करून रानात लोटतो. वारली कथेत आई माणूसच राहते आणि तिच्या शब्दावर गाव व रान यांच्यात करार होतो. कॅलिडॉनच्या राजाचा नैवेद्य चुकला तसा इथला वाटा चुकला, तर जनावरे उचलली जातात, अशी श्रद्धाही आहे.

याच पट्ट्यातल्या विवळवेढे येथील महालक्ष्मी देवीचे मूळ स्थान मुसळ्या डोंगरावर. गरोदर भक्तिणीला चढण झेपेना म्हणून देवी पायथ्याशी आली, अशी आख्यायिका आहे. चैत्री पौर्णिमेपासून तिथे मोठी जत्रा भरते. बाळंतिणींची पाठराखीण असलेल्या आर्टेमिसशी नाते जोडायचे तर ते या आख्यायिकेशी जोडता येईल, धनुष्यबाणाशी नव्हे.

चौकाभोवतीचे जीवन मात्र चित्राइतके भरलेले नव्हते. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेणारा वारली बायकोसह त्याच्याकडे राबे. त्याला लग्नगडी म्हणत. पालघटीच्या साक्षीने झालेले लग्न असे गुलामीत जाई. ही प्रथा आणि वेठबिगार मोडली ती शेतकरी नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्याने. २३ मे १९४५ ची झरीची परिषद त्याची सुरुवात. दैवतांच्या अर्थाबद्दल लिहिताना हे वगळणे अन्यायाचे होईल.

१९७० च्या दशकात चौक कागदावर आला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांना जगभर मान मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. सवाशिणींचा विधी अशा रीतीने पुरुषांच्याही हातची कला झाला आणि शिकारीची दृश्ये पालघटीपासून सुटी होऊन विकली जाऊ लागली.

शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आली. या रानात आता वाघ नाही, बिबट्या आहे. वाघोबाच्या नावात तोही सामावतो. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत संशोधकांनी वाघोबाची १५० हून अधिक ठाणी नोंदवली आहेत. शेंदूर लावलेल्या लाकडी फळीवर किंवा दगडावर वाघ कोरलेला असतो, काही ठिकाणी सोबत सूर्य, चंद्र आणि नाग. बिबट्याने जनावर मारले तर वनखात्याची भरपाई पंचनाम्यानंतर मिळते, वाघबारशीचा वाटा मात्र आधीच दिलेला असतो. भरपाईने गोठ्यातले नुकसान भरून निघते, पण बिबट्याला शेजारी म्हणून सोसण्याची तयारी या भागात त्या वाट्यातून आली आहे, आणि बिबट्यांविषयीच्या धोरणात त्या ठाण्यांची दखल घ्यायला हवी.