आधी शेकोटी, मग चौकशी



आपल्या धर्मग्रामातील एक मुलगी सध्या शिक्षणासाठी माल्टा बेटावर राहते. इटलीच्या खाली, भूमध्य समुद्रातला हा देश इतका लहान की आपली मुंबई त्याच्या जवळजवळ दुप्पट भरेल. दर आठवड्याला तिचे फोटो येतात, तिची आई ते मिस्सानंतर मला दाखवते, आणि आता अर्ध्या गायनमंडळाचेही ते पाहून झाले आहेत.

फोटो खरोखर पाहण्यासारखे आहेत. 1565 साली तुर्कांचा मोठा वेढा उठल्यावर, 1566 मध्ये वसवलेले व्हॅलेट्टा शहर. त्याची समुद्रालगतची तटबंदी पाहून वसईच्या किल्ल्याची आठवण होते. फरक एवढाच की तिथला तट अजून धड उभा आहे. संत योहानाच्या कॅथेड्रलमध्ये काराव्हाज्जिओने 1608 साली काढलेले स्नानकर्त्या योहानाच्या शिरच्छेदाचे चित्र आहे. या चित्रकाराने सही केलेले हे एकच चित्र, आणि ती सही त्याने संताच्या गळ्यातून सांडलेल्या रक्तात केली आहे. मोस्ता गावच्या चर्चचा घुमटही तिने पाठवला. 9 एप्रिल 1942 रोजी संध्याकाळी लोक मिस्सासाठी जमले असताना एक बॉम्ब हा घुमट फोडून आत पडला आणि फुटलाच नाही. त्या बॉम्बची प्रतिकृती तिथे ठेवलेली आहे.

एका गोष्टीने मात्र ती पहिल्या रविवारी दचकली. माल्टी भाषा अरबीच्या घराण्यातली. त्यामुळे तिथले कॅथलिक लोक प्रार्थनेत परमेश्वराला ‘अल्ला’ म्हणतात आणि उपवासकाळाला ‘रंदान’. शेकडो वर्षे म्हणत आले आहेत आणि त्यांच्या श्रद्धेला कुठे तडा गेलेला नाही. आपल्यापैकी काहींनी यावर थोडा विचार करायला हरकत नाही.

या बेटाची एक जुनी हकिगत आपल्या बायबलमध्ये आहे. इ.स. 60 च्या सुमारास संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेत असताना जहाज चौदा दिवस वादळात सापडले आणि याच किनाऱ्यावर फुटले. जहाजावर 276 माणसे होती. कैदी पोहून पळतील म्हणून त्यांना ठार मारावे असा शिपायांचा बेत होता. शताधिपतीने तो थांबवला. कुणी पोहत, कुणी फळ्या धरून, सगळे किनाऱ्याला लागले (प्रे. कृत्ये 27). संत लूक स्वतः त्या प्रवासात होता. तो तीन महिने बेटावर राहिला, पण एका इमारतीचे, एका देखाव्याचे वर्णन त्याने केलेले नाही. त्याने लिहून ठेवले ते हे की पाऊस पडत होता, थंडी होती आणि तिथल्या लोकांनी शेकोटी पेटवून सगळ्यांना जवळ घेतले (28:2).

या एका वाक्यात लूकने दोन ग्रीक शब्द शेजारी ठेवले आहेत. बेटावरच्या लोकांना तो ‘बार्बारोस’ म्हणतो. ज्यांची भाषा ग्रीकांच्या कानाला नुसती बडबड वाटे, ते बार्बारोस. आपला ‘बर्बर’ शब्द त्याच कुळातला. आणि त्यांनी जे केले त्याला तो ‘फिलांथ्रोपिया’ म्हणतो. माणसाने माणसावर करावयाचे प्रेम. ग्रीक विचारवंतांना सुसंस्कृतपणाची खूण वाटणारा हा शब्द लूक बर्बरांना बहाल करतो.

ही माणसे साधीभोळी होती असेही नाही. पौलाच्या हाताला साप डसला तेव्हा हा नक्की खुनी असणार, असे त्यांनी ठरवून टाकले. तो मेला नाही तेव्हा त्याला देव ठरवले. दोन्ही वेळा चुकले. पण क्रम पाहा. संशय नंतर आला, शेकोटी आधी पेटली होती. कोण कैदी, कोण शिपाई, कोणत्या गुन्ह्यासाठी नेत आहेत, हे विचारण्याआधी ओल्या माणसांना ऊब मिळाली. हिवाळ्याच्या तोंडावर एका लहानशा बेटावर 276 तोंडे येऊन पडली होती, हेही विसरू नका.

एप्रिल 2022 मध्ये पोप फ्रान्सिस माल्टाला गेले तेव्हा त्या भेटीचे ब्रीद त्यांनी याच वचनातून घेतले होते. पौलाच्या गुहेत प्रार्थना करून त्याच दिवशी ते स्थलांतरितांना भेटायला गेले. आज त्याच समुद्रात लहान नावांतून येणारे हजारो जण बुडाले आहेत, आणि पौलाला आसरा देणाऱ्या बेटातही त्यांना उतरू द्यावे की नाही यावर वाद होतात.

आपल्या मुलीने एक फोटो पाठवलेला नाही. ती गोष्ट तिने आईला फोनवर सांगितली. तिथली दगडी घरे हिवाळ्यात ओलसर, गारठलेली असतात. पहिल्याच पावसात ती तापाने पडली. खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार वाजवले, हातात गरम सूप आणि काखेत घोंगडी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. हे सांगताना आईचे डोळे भरून आले.

त्या माऊलीला मी एवढेच विचारले की आपल्या मागच्या गल्लीत झारखंडहून आलेली जी कुटुंबे भाड्याने राहतात, त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का? ती आपल्याच चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतात आणि आशीर्वाद होताच निघून जातात. आपण त्यांना ‘बाहेरचे’ म्हणतो. पाणी पुरत नाही, जागा उरली नाही, ही आपली तक्रार खोटी नाही. ती योग्य ठिकाणी मांडलीच पाहिजे. पण ती त्या शेवटच्या बाकापाशी मांडायची नाही.

पुढच्या रविवारी आठच्या मिस्सानंतर सभागृहात चहा ठेवला आहे. महिला मंडळाने दूध-साखरेची आणि युवकांनी खुर्च्यांची जबाबदारी घेतली आहे. येताना एका तरी भाडेकरू कुटुंबाला सोबत आणा. मराठी येत नसेल तर हिंदीवर भागेल. त्या मुलीची आईही येणार आहे, मागच्या गल्लीतून दोन कुटुंबांना घेऊन.

आपला,
फादर